लाळेऱ्यातले नऊ एमएल

सोमवार, ६ मार्च

ही वही म्हणजे आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची यंदाची डायरी. कोणाला किती वाजता गाडीत घ्यायचं ते मी हिच्यात लिहिते. मार्चची पानं कोरी आहेत, कारण मार्चमध्ये मी सुट्टीवर असणार होते आणि एप्रिलच्या सुरुवातीला रीतसर बाळंत होणार होते. मिरीने आठ आठवडे आधीच उडी मारली. आज ती सत्तावीस दिवसांची आहे, वजन एक किलो नऊशे पन्नास ग्रॅम, मुक्काम नवजात अतिदक्षता कक्षात खिडकीजवळच्या पाळण्यात. नाव अजून ठेवलेलं नाही. मिरीएवढी आहे आणि तितकीच तिखट, म्हणून मिरी.

आजची बातमी अशी की आजवर नाकातल्या नळीतून पोटात जाणारं दूध आजपासून थोडं थोडं तोंडाने द्यायचं. छातीशी घेतलं की ही दोन घोट ओढते आणि गाढ झोपते, म्हणून सध्या बाटली. दूध माझंच, पंपाने काढलेलं. दर तीन तासांनी चाळीस एमएल. तोंडाने जाईल तेवढं जाऊ द्यायचं, उरलेलं नळीतून. दोन पूर्ण दिवस सगळं तोंडाने प्यायली की नळी निघणार, आणि नळी निघाली की घरी.

सोपं आहे. ज्यांना डावं-उजवं कळत नव्हतं अशांनाही मी गाडी शिकवली आहे, तीही एकोणीस वर्षं. मिरीला तर फक्त चोखायचं, गिळायचं आणि मध्ये श्वास घ्यायचा आहे.

पहिल्या प्रयत्नात चार एमएल गेले. चार! त्यानंतर बाईसाहेब इतक्या दमल्या, जणू डोंगर चढून आल्या.

पाळण्याशेजारी भिंतीवर एक तक्ता आहे, तो आईबापांनी भरायचा. वेळ, तोंडाने किती, नळीने किती. दिवसपाळीच्या सिस्टरकडे त्यांची वेगळी फाइल असते. या सिस्टर म्हणजे साक्षात फौजदार. मला म्हणाल्या, "मिरीच्या आई, बाटलीवरच्या रेघा नका बघू. बाळाकडे बघा. लाळेऱ्याकडे बघा." आता लाळेऱ्यात काय बघायचं? पांढरं आहे, चौकोनी आहे. पाजून झाल्यावर त्यांनी ते हनुवटीखालून दोन बोटांनी उचललं आणि कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर ठेवलं. इथे ओल्या लंगोटांचंसुद्धा वजन करतात. बाईंना वजनाचा नाद दिसतो.

बुधवार, ८ मार्च

शेजारच्या पाळण्यात पैलवान आहे. मिरीपेक्षा चार दिवसांनी लहान, पण गालच एवढे की डोळे दिसत नाहीत. त्याची आई स्वभावाने बरी आहे, फक्त दर तीन तासांनी नकोशी होते.

"आमचा आज तीस प्यायला हो," ती म्हणाली. "तुमची?"

"अकरा," मी म्हणाले. खरा आकडा नऊ होता. पण बोलण्यात दोन इकडेतिकडे होणारच.

सासूबाई गावाला असतात. रोज फोन करतात आणि "कशी आहेस" वगैरे भानगडीत न पडता थेट विचारतात, "किती?" आज मी नऊ म्हटलं. मग म्हणाल्या, "नऊ म्हणजे दोन चमचेसुद्धा नाहीत गं." मला माहीत आहे आई. मीच मोजलेत.

एक गोष्ट लक्षात आली. पाजताना माझा उजवा पाय सारखा जमीन दाबतो. शिकवण्याच्या गाडीत माझ्या बाजूला वेगळा ब्रेक असतो, त्याची सवय. इथे फरशी दाबून काही उपयोग नाही. फौजदार सिस्टर माझ्या चपलेकडे बघत होत्या. बघोत.

शुक्रवार, १० मार्च

चाळीस!!

म्हणजे बाटली रिकामी झाली. अठरा मिनिटांत. मी बाटली जरा उभी धरली, निपल हलकेच फिरवत राहिले, आणि मिरी एकदाही झोपली नाही, डोळे टक्क उघडे, भुवया पार वर. तीसुद्धा चकित झाली असणार.

आता इथे खरं लिहिते, कारण ही वही कोणी वाचत नाही. लाळेरं ओलं झालं होतं. बरंच. पण तक्त्यावर "तोंडाने किती" असा रकाना आहे. दूध तोंडापर्यंत तर गेलंच होतं. तिथून ते कुठे गेलं, हे तक्ता विचारत नाही. मी चाळीस लिहिले, दोनदा अधोरेखित केले, आणि पैलवानाच्या आईला दिसावं म्हणून थोडी बाजूला सरकले.

सिस्टर आल्या, लाळेरं उचलून काट्याकडे गेल्या. म्हणाल्या, "मिरीच्या आई, हे बघितलंत का? फार वेगाने जातंय तिला."

मी म्हणाले, "हो ना, किती वेगाने प्यायली!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मिरीकडे, आणि नळीतून थोडं दूध दिलं. बाटली रिकामी असताना! नियम म्हणजे नियम असतो ना? काही लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

सासूबाईंना आकडा सांगितला. त्यांनी फोन बाजूला करून कोणाला तरी ओरडून सांगितलं, "चाळीस!" मला फार बरं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदा मी काहीतरी जमवलं होतं.

सोमवार, १३ मार्च

शनिवार, रविवार, आज, सगळी पाजणी अशीच: चाळीस, अडतीस, चाळीस, चाळीस. मधला अडतीस मुद्दाम. सगळेच चाळीस असले तर संशय येतो.

आमच्या घरात चुका शोधायचं काम नवऱ्याचं. छापखान्यात मुद्रितशोधक आहे, त्याला त्याचा पगार मिळतो. संध्याकाळी तो कोपरापर्यंत हात धुऊन आत आला आणि तक्त्यासमोर बराच वेळ उभा राहिला. कानावर पेन्सिल तशीच.

"फार नीटनेटके आकडे आहेत तुझे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"काही नाही. छान आहेत." मग त्याने मला चहा आणून दिला. हा माणूस कौतुकसुद्धा असं करतो की टोमणा वाटावा.

पैलवान आज घरी गेला. त्याच्या आईने जाताना मला मिठी मारली आणि म्हणाली, "तुमचीही नळी आज-उद्या निघेल बघा." मीही तेच धरून चालले होते. डॉक्टर आल्या, त्यांनी माझा तक्ता बघितला, सिस्टरची फाइल बघितली, दोघी खिडकीकडे जाऊन काहीतरी बोलल्या. मग डॉक्टर म्हणाल्या, "चालू द्या असंच. नळी राहू दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. फाइलमध्ये काय लिहिलंय त्या फौजदारणीने? वजन तर रोज वाढतंय, आज दोन किलो एकशे तीस. दूध पोटात जात नसेल तर वजन काय हवा खाऊन वाढतं? सिस्टर मला पाण्यात बघतात हे आता नक्की झालं. पहिल्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीवर बसले होते, त्याचा राग असेल.

जाताना पुन्हा तेच. "लाळेऱ्याकडे बघत जा हो." हो बाई, बघते. उद्या त्याला भरतकाम करून आणते.

बुधवार, १५ मार्च

लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

दुपारचं पाजणं. चौतीस झाले. सहा उरले. मिरीने तोंड बाजूला वळवलं. मी बाटली तिकडे नेली. तिने हाताची बोटं ताणून पसरली, कपाळाला आठ्या घातल्या. ओठाच्या कोपऱ्यातून दूध येत होतं, ते मी लाळेऱ्याने टिपलं आणि निपल फिरवलं. मी तिला म्हणत होते, "चल चल चल, सहाच राहिले." ज्यांना गाडी बंद पडेल म्हणून धडकी भरते, त्यांना मी असं कधीच म्हणत नाही.

मग ती एकदम गप्प झाली. ठसका नाही, आवाज नाही. ओठांभोवती निळं दिसलं. ऑक्सिजनचा आकडा शहाण्णववरून ऐंशी, एकाहत्तर, चौसष्ट, आणि यंत्र ओरडायला लागलं. माझा उजवा पाय जमीन दाबत होता. दुसरं काही मला सुचलं नाही.

सिस्टर कुठून आल्या कळलं नाही. मिरी त्यांच्या हातावर पुढे झुकलेली होती, त्या तिची पाठ चोळत होत्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणत होत्या, "घे गं, श्वास घे. काही घाई नाही." सात-आठ सेकंद. मग मिरी खोकली आणि अशी ओरडली, की त्या कक्षात तेवढं गोड कोणी कधी ओरडलं नसेल.

छातीचा फोटो साफ आला. उद्या संध्याकाळपर्यंत बाटली बंद, सगळं नळीतून. सासूबाईंचा फोन मी उचलला नाही.

सहा एमएलसाठी. सव्वा चमचा.

गुरुवार, १६ मार्च

सकाळीच गेले. फौजदार सिस्टर फाइल भरत होत्या.

"सिस्टर, मला तक्त्याबद्दल सांगायचंय."

"सांगा की."

"त्यातले आकडे जरा..."

"जरा?"

"बरेच," मी म्हणाले. "शुक्रवारपासूनचे सगळे खोटे आहेत. लाळेऱ्यात गेलेलंही तिने प्यायलं म्हणून लिहिलं."

मला वाटलं आता कक्षाबाहेर काढतील. त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. शुक्रवार: बाटली रिकामी, लाळेऱ्यात नऊ, तोंडाने एकतीस, नळीने नऊ. शनिवार: लाळेऱ्यात अकरा, नळीने अकरा. एकूण एक पाजणं, कोरड्या लाळेऱ्याचं वजन, ओल्याचं वजन, वजाबाकी. म्हणजे काट्याचा नाद तो हा. मी चोर, आणि माझ्या चोरीची सहीशिक्क्यानिशी नोंद रोज होत होती.

"म्हणून वजन वाढत होतं होय?"

"मग काय तुमच्या पेनाने वाढत होतं?"

मला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं. म्हणाले, "मला आधीच धरून का नाही सांगितलंत?"

"रोज सांगत होते. पण तुम्ही आनंदात होता आणि मी मोघम बोलत होते. तोंडावर सांगायला हवं होतं, हे माझं चुकलं." त्या फाइल मिटत म्हणाल्या. "तुम्ही खोटं लिहिलंत त्याचं मला काही नाही. इथे सगळ्याच आया दोन-चार वाढवून लिहितात. पण सांडलेलं दूध म्हणजे वाया गेलेलं, असं तुम्ही धरून चाललात. ते तिचं बोलणं आहे हो. जास्त येतंय, जरा थांब, श्वास घेऊ दे. तिला बोलता येत नाही, मग ती ओठातून सोडून देते. आणि तुम्ही नेमकं तेच पुसत होता."

एकोणीस वर्षं मी लोकांना सांगत आले, की गाडी काय म्हणतेय ते ऐका.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला सोमवारीच कळलं होतं. खरे आकडे इतके नीटनेटके कधी नसतात."

"मग बोलला का नाहीस?"

"तू महिनाभराने हसत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, दोन दिवस हसू दे. चूकच झाली."

म्हणजे चुका शोधणाऱ्यानेही सोडून दिली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून मिळून रडलो, मग वरण करपलं म्हणून उठलो.

शनिवार, १८ मार्च

शिकवणी सुरू. विद्यार्थिनी मी.

लहान भोकाचं निपल, म्हणजे दूध हळू येतं. मिरीला आडवं, कुशीवर ठेवायचं. तीन-चार घोट झाले की बाटली खाली करायची, निपल तोंडातच, फक्त दूध यायचं थांबतं. ती श्वास घेते. मग पुन्हा ओढायला लागली की बाटली वर.

"हा तर ब्रेक झाला," मी म्हणाले.

"मग इतके दिवस तो फरशीवर का मारत होता?" सिस्टर म्हणाल्या. चपलेकडे बघत होत्या ते यासाठी.

आज तोंडाने एकोणीस. लाळेऱ्यात फक्त एक. मी लाळेरं उचलून उजेडात धरलं, नवऱ्याला दाखवलं, शेवटी सफाईवाल्या मावशींनाही दाखवलं. मावशी म्हणाल्या, "कोरडंच आहे की." तेच तर!

तक्ता नवा लावून घेतला. जुना नवऱ्याने जपून ठेवलाय. मिरीच्या लग्नात वाचून दाखवणार म्हणतो.

सासूबाई: "किती?" मी: "एकोणीस." सासूबाई: "परवा तर चाळीस होते!" मी सगळं सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "याच्या वेळी मी अर्धी वाटी मोरीत ओतून सासूबाईंना सांगायचे, संपवली म्हणून." आणि फोन ठेवून दिला. चाळीस वर्षांचा गुन्हा आज कबूल झाला.

बुधवार, २२ मार्च

मिरीने काल सकाळी स्वतःच नळी उपटली. अंगठा अडकवला आणि सर्रकन ओढली. चिकटपट्टी गालावर लोंबत होती आणि ती एखाद्या विजयी पुढाऱ्यासारखी हात वर करून पडली होती.

डॉक्टर म्हणाल्या, "आता लगेच नको घालू. बघू या. आजकाल नव्वद टक्के तोंडानेच जातंय." वजन वाढल्याने आता एका वेळी पंचेचाळीस. दिवसाचे तीनशे साठ झाले पाहिजेत. झाले नाहीत तर आज नळी परत.

पहिली तीन पाजणी सुरळीत. चौथ्या वेळी तेहतीसवर मिरीने तोंड मिटलं आणि भुवया वर केल्या. बारा उरले. सिस्टर दुसऱ्या टोकाला नव्या बाळाच्या पाळण्याशी होत्या. लाळेरं कोरडं ठणठणीत. काटा लांब. नळी परत गेली की नाकाला पुन्हा ती चिकटपट्टी, पुन्हा ते पहिल्यापासून. खोटं नाही लिहीत, माझ्या मनात येऊन गेलं. बाटली जराशी तिरकी केली असती तर बारा एमएल कुठेही गेले असते. हात धुवायची मोरी दोन पावलांवर आहेच.

मी बाटली टेबलावर ठेवली. मिरीला खांद्यावर घेतलं. तक्त्यावर लिहिलं: तोंडाने ३३, लाळेऱ्यात ०, उरले १२. इतकं घाणेरडं अक्षर माझं कधी आलं नव्हतं.

सिस्टर आल्या, तक्ता वाचला आणि आकडे फाइलमध्ये उतरवले. आता नळी परत, हे मी धरूनच चालले. पण अडीच तासांतच मिरीने असा गोंधळ घातला, की पलीकडची दोन बाळं उठली. भूक लागली होती! नळीने मोजून देत असताना तिला कधी भूक लागायला वेळच मिळाला नव्हता. सत्तावन्न प्यायली, थांबत थांबत, मध्ये मला एकदा लाथ मारून. मी ब्रेक उशिरा मारला म्हणून.

आज सकाळी बेरीज तीनशे एकसष्ट. मी तीनदा केली, नवऱ्याने चौथ्यांदा केली आणि पेन्सिलीने बरोबरची खूण केली. नळी परत घातली नाही.

शुक्रवार, २४ मार्च

उद्या घरी. आज सिस्टर म्हणाल्या, "छातीशी घेऊन बघा. आता तिला जमेल."

मला भीती वाटली. बाटलीला रेघा असतात. मला कुठेच रेघा नाहीत.

पडदा ओढला. मिरीने आधी नाक घासलं, मग तोंड उघडलं, आणि लागली. दोन घोट, श्वास. तीन घोट, श्वास. ब्रेक तिचा तीच मारत होती, मला काही करायचंच नव्हतं. माझे दोन्ही पाय खुर्चीखाली निवांत पडले होते, हे मला नंतर कळलं. पंचवीस मिनिटांनी ती आपण होऊन सुटली. तोंड उघडं, हाताच्या मुठी सैल.

"काट्यावर ठेवून बघायचं का किती प्यायली ते?" सिस्टरनी विचारलं. "पाजण्याआधीचं वजन आहे माझ्याकडे."

मी म्हणाले, "तुम्हाला हवं असेल तर ठेवा."

"मला नको," फौजदार म्हणाल्या. आणि मग, इकडेतिकडे बघत, एकदम वेगळ्याच आवाजात, "एक विचारू का? मला गाडी शिकवाल? दोनदा नापास झालेय."

"कशामुळे?"

"घाई करते म्हणे."

मी हसले नाही. इतका मोठा मोह मी आयुष्यात आवरला नसेल. "शिकवते की," मी म्हणाले. "फक्त स्पीडोमीटरकडे बघायचं नाही. रस्त्याकडे बघायचं." या डायरीत मे महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचं नाव लिहिलंय.

रविवार, २६ मार्च

घरी.

सासूबाई काल आमच्या आधीच येऊन दारात उभ्या. ठेवणीतली साडी, दोन्ही हात पुढे. मिरीला उचललं, खांद्यावर घेतलं, आणि माझ्याकडे बघून विचारलंच, "निघताना प्यायली ना? किती?"

"पोटभर," मी म्हणाले.

"पोटभर म्हणजे किती?"

एवढ्यात मिरीने ढेकर दिली आणि त्या साडीवर खांद्यापासून पाठीपर्यंत पांढरा ओघळ सोडला. सासूबाई जागच्या जागी थिजल्या. नवरा लाळेरं शोधत धावला.

"पोटभर, त्यातून हे वजा," मी म्हणाले.

सासूबाईंनी मान वाकडी करून ओघळ बघितला, मग मिरीकडे बघितलं. "काय गं, जास्त झालं होतं का?" त्यांनी तिला विचारलं, आणि उत्तराची वाट बघत तशाच उभ्या राहिल्या.

लाळेरं मी धुवायला टाकलं. वजन केलं नाही.